पट्टा न लावलेला पाहुणा

प्रवासाहून परतलो की आमच्या गल्लीत माझा एक छोटा दरबार भरतो. चौघे-पाचजण येतात, बायको चहा ठेवते, आणि मी उभा राहून सांगतो, कारण बसून सांगितलेली गोष्ट मला गोष्ट वाटत नाही. तिकीट तपासनिसाची चाल, शेजारच्या प्रवाशाचं घोरणं, हॉटेलवाल्याचा तोरा, सगळं करून दाखवतो. यंदा दसऱ्याला कर्जतकडे आक्काच्या घरी जाऊन आलो आणि दरबाराला सांगितलं की घसा बसलाय. घसा ठणठणीत होता. पण हा प्रवास उभं राहून सांगण्यासारखा नाही, म्हणून लिहून काढतो आहे. लिहिताना निदान समोरच्याचे डोळे दिसत नाहीत.

दसरा, आक्काचं घर

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण सुमन. सांगलीहून लग्न होऊन इकडे आली त्याला इतकी वर्षं झाली, की ती आता 'नाही' म्हणायचं विसरली आहे, 'नाय' म्हणते. तिचं गाव कर्जतहून चौककडे जाणाऱ्या रस्त्यावर. अंगणात उभं राहिलं की पुढे भातखाचरं आणि त्यांच्या पलीकडे इर्शाळचा सुळका, कुणावर तरी रागावून नाक वर केल्यासारखा. आमच्याकडे या दिवसांत ऊस छाती काढून उभा असतो. इथे भात पिकून ओणवं झालेलं, वाऱ्याची झुळूक आली की अख्खं शेत नमस्कार घालतं. मीही एकदा उलट नमस्कार घातला. शेजारच्या म्हातारबुवांना तो आपल्यालाच वाटला आणि त्यांनी मला घरात बोलावून वालाची उसळ आणि तांदळाची भाकरी खाऊ घातली. तिथून आक्काकडे येऊन मी पुन्हा जेवलो.

आमच्याकडे खंडेनवमीला विळा, कोयता, नट आवळायचे पाने पुसून मांडतात आणि ट्रॅक्टरला हार घालतात. आक्काच्या सासरची रीत एक पाऊल पुढची आहे. अंगणातल्या व्हॅनला भाताच्या लोंब्या आणि झेंडू तर बांधलेच, शिवाय गाडीचे सगळे कागद काढून देव्हाऱ्यासमोर पाटावर ठेवले. आरसी, विमा, घरातल्यांची लायसन्स. त्यांवर हळदकुंकू, वर एक लोंबी. आणि हे कोजागिरीपर्यंत हलवायचं नाही.

"आणि तोवर पोलिसांनी धरलं तर?" मी विचारलं.

"देव बघंल," आक्का म्हणाली.

"देव बघंल, आन माझ्या मोबाईलमदी पन हाय सगळं," मनीषा म्हणाली.

मनीषा आक्काची सून. कर्जतच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन पदवी केलेली. तिला रसायनीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. अडचण एवढीच, की पहिली पाळी ज्या वेळेला सुरू होते त्या वेळेला गावातून एकही एसटी निघत नाही. नवरा, म्हणजे माझा भाचा राकेश, रोज कर्जतहून रेल्वेने मुंबईला जातो, त्यामुळे व्हॅन दिवसभर अंगणात उन्हं खात उभी असते. मनीषाकडे लायसन्स होतं आणि गावात ती गाडी सफाईने फिरवायची. पण रसायनीला जायचं तर चौकला जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागायचं, आणि तिथले टँकर आणि कंटेनर आक्काच्या स्वप्नात येत. शेवटी घरात तह झाला.

"उद्या मामाला बाजूला बसवून रसायनीला जाऊन ये," आक्काने सांगितलं. "कारखान्याचं गेट बघ, परत ये. कायबी झालं नाय, तर सोमवारपासनं चावी तुझी."

"आणि झालं तर?" मी विचारलं. मला नाट्य वाढवायची सवय आहे.

"तर गावाजवळ बघंल काम."

"गावाजवळ लॅब कुटं असते, आई?" मनीषा हळूच म्हणाली. आक्काने ते ऐकलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं.

अशा रीतीने मी परीक्षक म्हणून नेमला गेलो. इतका मोठा मान मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता.

शुक्रवार, चौक आणि पुढे

सकाळी निघालो. मनीषाने आरसे जुळवले, पट्टा लावला, मग माझ्याकडे पाहिलं. मी पट्टा लावला. गावाबाहेर पडल्यावर मागच्या सीटवरच्या पिशवीतली चकली काढायची म्हणून मी तो सोडला, आणि चकली हातात आल्यावर परत लावला नाही.

"मामा, पट्टा."

"लावतो गं. जरा चकली होऊ दे."

थोड्या वेळाने पुन्हा, "मामा, पट्टा लावा ना."

"पोटावर काचतो. आणि तू काय आपटणार आहेस का मला कुठे?"

ती हसली नाही. ती गाडी फार छान चालवत होती, हे मला त्याच वेळी दिसत होतं. बैलगाडीच्या मागे उगाच भोंगा न वाजवता थांबायची, वळणाआधी वेग कमी करायची. चौकला मोठ्या रस्त्याला लागताना एक लांबलचक कंटेनर अंगावरून गेला, तिने ओठ घट्ट मिटले आणि गाडी जराही हलू दिली नाही. मी मनात तिला पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले आणि आक्कापुढे हा प्रसंग कसा रंगवायचा त्याचे शब्द जुळवू लागलो. कंटेनरचा आकार तोवर दुप्पट झाला होता.

लोधिवलीच्या अलीकडे रस्त्यात अडथळे लावून वाहतूक पोलिसांची तपासणी चालली होती. एक तिशीतली हवालदार बाई आणि तिचा मोटारसायकलवाला जोडीदार. बाईंनी आमच्याकडे पाहिलं, नेमकं सांगायचं तर माझ्या मोकळ्या छातीकडे पाहिलं, आणि हात दाखवला.

आता पुढे मनीषाने काय केलं ते नीट वाचा, कारण तुमच्यावर वेळ आली तर तेच करायचं आहे. तिने डावा सिग्नल दिला, गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेला घेतली, इंजिन बंद केलं, काच खाली केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. गाडीतून उतरली नाही.

"मॅडम, नमस्कार."

"कागद दाखवा. आणि काकांचा पट्टा कुठाय?"

"चूक झाली, मॅडम. कागद मोबाईलमदी हायत, डिजिलॉकरमदी. मूळ कागद घरी हायत."

"चालतील, दाखवा. पट्ट्याचं मात्र चलान होईल."

"हो, मॅडम."

इतकं सरळ होतं ते. डिजिलॉकरमधले कागद कायद्याने चालतात हे तिला ठाऊक होतं आणि बाईंनाही. फक्त त्या ठिकाणी मनीषाच्या मोबाईलला रेंज नव्हती. पडद्यावर एक गोल फिरू लागला. मनीषा म्हणाली, "दोन मिनिटं, मॅडम," आणि बाई म्हणाल्या, "घ्या सावकाश." आणि सगळे शांत बसले.

शांतता मला सोसत नाही. त्यातून एक विचार डोक्यात शिरला. व्हॅन आक्काच्या नावावर होती. चलान झालं की संदेश आक्काच्या मोबाईलवर जाणार. 'कायबी झालं नाय तर' ही अट तिथेच मोडणार, आणि मोडणारा कोण, तर परीक्षक. सरळ मार्ग असा होता, की घरी जाऊन सांगायचं, आक्का, पट्टा मी लावला नव्हता. तो मला सुचला नाही असं नाही. त्यात माझी भूमिका फार लहान होती.

मी दार उघडून खाली उतरलो.

"मामा, उतरू नका," मनीषा म्हणाली.

"काका, आत बसा," बाई म्हणाल्या. "मागनं गाड्या येतायत."

पण माझ्या मोबाईलवर कुणीतरी 'वाहनचालकाचे हक्क' नावाचा संदेश पाठवला होता आणि तो मला तोंडपाठ होता. पोलीस गणवेशात आणि नावाच्या पट्टीसह हवेत. चावी हिसकावून घेता येत नाही. पावतीशिवाय पैसे द्यायचे नाहीत. दंड पटला नाही तर नंतर रीतसर दाद मागता येते. सगळं खरं आहे आणि प्रत्येकाला ठाऊक असावं. पण बाई गणवेशात होत्या, नावाची पट्टी छातीवर होती, चावीला कुणी हात लावला नव्हता आणि पैसे कुणी मागितले नव्हते. तरीही मी मोबाईल उंच धरून चित्रण सुरू केलं आणि गणेशोत्सवातल्या आवाजात सगळी यादी म्हणून दाखवली.

बाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली. "झालं का, काका? बरोबर हाय सगळं. आता आत बसा, तुम्ही रस्त्यावर उभे हायात."

मी खरोखरच रस्त्यावर उभा होतो. रसायनीकडे जाणारा एक टँकर माझ्या पाठीला वारा घालत, भोंगा वाजवत गेला. मी उडालो, व्हॅनवर आदळलो आणि घाबरून छातीवर हात ठेवला. एवढं मात्र अस्सल होतं.

बाई धावत आल्या. मला धरून कडेला घेतलं. त्यांचा चेहरा एकदम बदलला होता.

"काका, छातीत दुखतंय का?"

मी तीस वर्षं हौशी रंगमंचावर काढली आहेत. समोरच्याने वाक्य दिलं की ते झेलायचं, एवढंच मला येतं. मी डोळे अर्धे मिटले.

"थोडंसं," मी म्हणालो.

'खूप' म्हणालो असतो तर कदाचित त्यांना शंका आली असती. 'थोडंसं'ने घात केला. आमचे वडील असेच म्हणायचे, सगळ्यांचेच वडील असेच म्हणतात. बाईंनी चलानचं यंत्र कमरेला अडकवलं, मला पुढच्या सीटवर बसवलं, माझा पट्टा स्वतःच्या हाताने लावला आणि पाण्याची बाटली दिली. मग मनीषाला म्हणाल्या, "ताई, घाबरू नका. आमची मोटारसायकल पुढं राहील. तिच्या मागं मागं चला. घाई करू नका, पण थांबूही नका."

मला वाटलं होतं की पुढच्या वळणावर म्हणावं, बरं वाटतंय, थांबव गाडी. पण पुढे मोटारसायकलवरचा तो पोलीस हाताने लोकांना बाजूला करत होता, टेंपोवाले खरंच बाजूला होत होते, एका म्हातारीने आमच्या गाडीकडे बघून हात जोडले. पडदा इतका वर गेला होता की खाली ओढायला दोरी सापडेना. मनीषाकडे मी पाहिलं नाही. डोळे मिटलेले ठेवणं माझ्या भूमिकेला साजेसं होतं.

दवाखाना जवळच होता. मला खाटेवर निजवून छातीला गार चकत्या लावल्या, कागदावर नागमोडी रेघा निघाल्या. डॉक्टर तरुण होता. त्याने रेघा पाहिल्या, मला पाहिलं, पुन्हा रेघा पाहिल्या.

"सकाळी काय खाल्लं?"

"चकली."

"किती?"

मी पुन्हा डोळे मिटले. "थोडा वेळ पडून राहा," तो म्हणाला आणि निघून गेला. माझ्या मते त्याला सगळं कळलं होतं.

मोटारसायकलवाला पोलीस मात्र गेला नव्हता. तो दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता. डॉक्टरने धोका नाही म्हटल्यावर तो आत आला आणि माझ्या पायावरून हात फिरवला, जसा घरच्या माणसाच्या फिरवतात.

"बरं झालं वेळेत आलात, काका. आमच्या बाबांच्या वेळी गाडीच मिळाली नव्हती."

तो गेला. त्या क्षणी मला खरोखर छातीत काहीतरी झालं, पण ते कुठल्याही यंत्रावर उमटणारं नव्हतं.

मनीषाने आक्काला फोन केला होता. आयुष्यात कधी दुचाकीवर न बसलेली आक्का शेजाऱ्याच्या दुचाकीवर मागे बसून आली. तिच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. माझं डोकं तिने छातीशी धरलं, मग मनीषाकडे वळून हात पुढे केला. मनीषाने चावी त्या हातावर ठेवली.

"माझा भाऊ जात होता तुज्या बाजूला बसून," आक्का म्हणाली. "सोमवारचं राहू दे."

मनीषा "हो" म्हणाली. मी खाटेवर निजलेला होतो आणि मला तेव्हाही उठून बसता आलं असतं.

शनिवार, पुन्हा तोच नाका

सकाळी मला मऊ भात आणि मेतकूट मिळालं. चुलीवर चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण उकळत होतं, त्याचा वास सबंध घरात होता, पण ते माझ्यासाठी नव्हतं, आजारी माणसाला ते चालत नाही. मी ताट बाजूला सरकवलं आणि आक्काला सगळं सांगितलं. चकली, पट्टा, हक्कांची यादी, टँकर, 'थोडंसं'. मनीषा भांडी पुसत होती, तिचा हात थांबला.

आक्का ऐकून घेत होती. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसली.

"बाळ्या, किती रं करशील लोकांसाठी. पोरीची नोकरी जाऊ नये म्हनून असं सोंग? माझ्या भावाला मी वळखत नाय काय?"

"आक्का, हे सोंग नाही. कालचं सोंग होतं."

"हां, हां. भात खा."

ज्या माणसाने सगळ्या गोष्टी रंगवून सांगितल्या, त्याने एक गोष्ट जशी घडली तशी सांगितली तर ती कुणाला पटणार? मी शपथ घातली. आक्का म्हणाली, शपथा तू पाच वर्षांचा होतास तेव्हापासनं घालतोस. तेही बरोबर होतं.

मनीषाला मात्र पटलं. ती भांडी तशीच ठेवून माझ्यासमोर आली.

"मामा, काल रस्ता मला दिसत नव्हता," ती म्हणाली. "डोळ्यांत पानी हुतं. पुसायला हात सोडावा तर गाडी हलंल म्हनून पुसलं नाय. मला वाटत हुतं, आता तुमी मान टाकनार. आन तुमी डोळे मिटून बसले हुते." तिचा आवाज चढला नाही. "चलान झालं असतं, मामा. मी आईंना सांगितलं असतं, मामांनी पट्टा नाय लावला. त्यांनी तुमाला दोन शिव्या दिल्या असत्या, झालं असतं."

ती परसात निघून गेली.

दुपारी मी आक्काला म्हटलं, नाक्यावर चल, त्या बाईंनाच विचार. आक्का आली ती त्यांचे आभार मानायला म्हणून. सोबत तिने डब्यात घावन घेतले. सहा आसनी रिक्षात आम्ही दोघं दाटीवाटीने बसलो, वाटेत ती मला दोनदा विचारत होती, वारा लागतोय का रं.

त्याच जागी तीच जोडी होती. मला पाहून बाई हसत पुढे आल्या. "काका, लगेच कशाला फिरताय?" आक्काने डबा पुढे केला. मी मध्ये हात घातला आणि म्हणालो, "बाई, डबा घेऊ नका. माझ्या छातीत दुखलं नव्हतं. मी खोटं बोललो."

हे वाक्य मी रिक्षात पाठ केलं होतं. पुढेही दोन-तीन वाक्यं होती, ती आठवली नाहीत.

बाईंचं हसू लगेच गेलं नाही, हळूहळू गेलं. त्या आक्काकडे बघेनात, माझ्याकडेच बघत राहिल्या. मागे उभा असलेला जोडीदार दुसरीकडे वळला आणि मोटारसायकलची पिशवी उगाच उघडून बंद करू लागला. आक्काने त्याची पाठ पाहिली, आणि मला वाटतं, माझ्या शपथांपेक्षा त्या पाठीने तिची खात्री पटली.

"का बोललात?" बाईंनी विचारलं.

"चलान चुकवायला."

"पोलिसाला फसवून चलान चुकवता येतं, काका. पण तुम्हाला धरायला धावले तेव्हा मी पोलीस नव्हते." त्या थांबल्या. "तुमच्याबरोबर माणूस पाठवला आन इथं मी एकटी उभी हुते. त्याचं सोडा, ते आमचं काम हाय. याची नोंद करून तुमाला चौकीत नेऊ शकते, तेबी सोडा."

तेवढ्यात त्यांनी आधीच हात दाखवलेली एक मोटार कडेला येऊन थांबली. चालवणाऱ्याचा पट्टा नव्हता. तो घाईघाईने म्हणाला, "मॅडम, मागं आई झोपलीय, बरं नाय तिला, दवाखान्यात चाललोय." मागच्या सीटवर चादर पांघरलेली एक बाई होती.

हवालदार बाई बघत राहिल्या. फार वेळ नाही. पण आदल्या दिवशी माझ्यासाठी त्या एवढ्याही थांबल्या नव्हत्या. त्यांनी वाकून काचेतून आत पाहिलं, म्हातारीचा चेहरा पाहिला, मग म्हणाल्या, "जा, जा लवकर. पट्टा लाव आन जा." मोटार गेली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बघायची गरजही नव्हती. त्या थांबल्या तेवढा वेळ माझा होता, आणि इथून पुढे त्या रस्त्यावर प्रत्येक आजारी माणसाला तो माझ्या नावाचा दंड म्हणून भरावा लागणार होता.

मग त्यांनी कमरेचं यंत्र काढलं, गाडीचा नंबर विचारला आणि पट्ट्याचं चलान केलं. आक्काच्या कमरेच्या पिशवीत मोबाईल वाजला. घावनांचा डबा त्यांनी घेतला नाही. "आजी, घरी घेऊन जा," एवढंच म्हणाल्या.

परतीच्या रिक्षात आक्काने मला वारा लागतोय का, असं विचारलं नाही. घरी आल्यावर ती सरळ परसात गेली आणि मनीषापुढे चावी धरली.

"घे. ह्यानं खोटं केलं. तुजं काय चुकलं नव्हतं."

मनीषाने हात पुढे केला नाही.

"आई, मामा खरं बोलले म्हनून तुमी चावी देता," ती म्हणाली. "ते बोलले नसते तर? मी गाडी कशी चालवली ते कुनी बघितलंच नाय. जे बघायला बसले हुते त्यांचे डोळे मिटलेले हुते."

आक्का चावी हातात घेऊन उभी राहिली. तिने चावी कमरेला खोचली आणि आत गेली. मला वाटलं, संपलं. रविवारभर त्या घरात सगळे एकमेकांशी भांड्यांबद्दल आणि दुधाबद्दल बोलत होते. चिंबोऱ्यांचं कालवण मला मिळालं, आणि मला ते जाईना.

सोमवार, अंगण

उजाडायच्या आधी जाग आली ती अंगणात दार आपटल्याच्या आवाजाने. बाहेर आलो. व्हॅनच्या पुढच्या सीटवर, जिथे शुक्रवारी मी बसलो होतो तिथे, आक्का बसली होती. अंगावर ठेवणीतलं लुगडं, आणि पट्टा तिने इतका घट्ट ओढून लावला होता की श्वास घ्यायला जागा उरली नसावी. दोन्ही हातांनी तिने सीट धरली होती. चावी गाडीला लावलेली होती.

मनीषा डबा घेऊन दारात उभी होती.

"काय बघतेस? उशीर होईल," आक्का म्हणाली. "मी बघनार हाय तू कशी चालवतेस. डोळे उघडे ठेवून. चुकलीस तर बोलनार. नाय चुकलीस तर उद्या मी येनार नाय."

"आई, परत कशा याल?"

"येष्टीनं येईन. रस्ता म्हाईत हाय मला."

मनीषा गाडीत बसली. आरसे जुळवले, सासूचा पट्टा किंचित सैल केला. तेव्हा आक्काने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, मागे जागा आहे, ती म्हणेल, ये. मीही सांगलीला जायला निघणारच होतो, कर्जतला नाही तर चौकला सोडलं असतं तरी चाललं असतं. माझी पिशवी दाराशी भरून ठेवलेली तिला दिसत होती.

"चा ठेवलाय चुलीवर," आक्का म्हणाली. "पिऊन जा."

गाडी अंगणातून निघाली. फाटकाशी मनीषाने ती पूर्ण थांबवली आणि दोन्हीकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना नुसतं भात आणि त्यावर धुकं. तरी तिने सिग्नल दिला. मी ओट्यावरून निरोपाचा हात वर केला, माझ्या सवयीप्रमाणे जरा जास्तच मोठा. तो आरशात तिला दिसला असणार. तिने वळून पाहिलं नाही, कारण तिचं लक्ष रस्त्यावर होतं, आणि तिथेच ते असायला हवं होतं. मी हात खाली घेतला.